मीठ, वाळू आणि लोखंडाचा कीस वेगळा कसा करायचा (घरी, खरंच करून)

भाचीला सातवीच्या चाचणीत प्रश्न आला होता, मीठ आणि वाळू एकत्र झालीये तर वेगळी कशी कराल, आणि तिने लिहिलं ‘बाष्पीभवन’. मार्क शून्य. लगेच मला फोन, मावशी, मीठ बाष्पीभवनाने मिळतं असं पुस्तकात आहे ना, मग चूक कसं? म्हटलं एक काम कर, डब्यातलं कोरडं मीठ घे, त्यात कोरडी वाळू मिसळ आणि कर बरं बाष्पीभवन. जरा वेळ गप्प, मग हसायला लागली, कारण त्यात पाणीच नाही तर उडणार काय.

तिथेच सगळी गोम आहे. पोरं पद्धतींची नावं पाठ करतात, ऊर्ध्वपातन, संप्लवन, अपकेंद्री पद्धत, रंजकद्रव्य पृथक्करण, आणि मग मिश्रण समोर आलं की कुठलं नाव चिकटवायचं याचा अंदाज बांधत बसतात. उलटं करा. आधी विचारायचं की या दोन पदार्थांत फरक कशात आहे. एक पाण्यात विरघळतो दुसरा नाही? एक चुंबकाला चिकटतो? एक हलका आहे? एक आधी उकळतो? फरक सापडला की पद्धत आपोआप सापडते, नाव आठवलं नाही तरी चालतं (परीक्षेत नाही चालत, ते मान्य).

आणि हे आपल्या घरात रोज चालू असतं. तांदळातले खडे डोळ्यांनी दिसतात म्हणून निवडायचे, फोलपटं हलकी म्हणून सुपात पाखडायची, कोंडा जाड म्हणून चाळणीत राहतो, खळ्यावर वारं सुटलं की उंचावरून धान्य सोडायचं म्हणजे भूस लांब जाऊन पडतं आणि दाणे पायाशी. यातलं काहीच प्रयोगशाळेतलं नाही पण प्रत्येक ठिकाणी कुठलातरी एक फरक वापरलाय. त्यामुळे या भागावर मी जास्त वेळ घालवत नाही, आजीला विचारा, ती माझ्यापेक्षा चांगलं पाखडते.

आता आपला मुख्य प्रयोग. रविवारी भाची आणि तिची मैत्रीण घरी आल्या तेव्हा आम्ही हा केला, सगळं सामान घरातलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं. लागतं काय तर २० ग्रॅम वाळू, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम लोखंडाचा कीस, एक बऱ्यापैकी चुंबक (जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधला मस्त असतो), एक प्लॅस्टिकची पिशवी, नरसाळं, फिल्टर पेपर किंवा कॉफी फिल्टर, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. काटा असेल तर खरी मजा येते, नसेल तर चमच्याने मोजा.

कीस कुठून आणायचा? ग्रिल-गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ग्राइंडरखाली ढीगभर पडलेला असतो, मागितला की देतो, वर विचारतो कशाला पाहिजे. लेथवरचा कीस आणलात तर तो तेलकट असतो आणि त्याच्या कडा बोटात घुसतात, तो साबणाच्या पाण्याने धुवून पटकन वाळवायचा आणि हाताने चिवडायचा नाही. भांडी घासायची स्टीलची काथी तोडून वापरू नका, ती बरेचदा चुंबकाला नीट चिकटतच नाही आणि मग पोरं म्हणतात प्रयोग खोटा आहे. वाळू बांधकामाची चालते पण आधी तीन-चार पाण्यांनी धुवायची, गढूळपणा जाईपर्यंत, नाहीतर पुढे गाळताना मातीच फिल्टर तुंबवते. आणि धुतलेली वाळू पूर्ण वाळवा, हे मी दोनदा सांगतेय कारण आम्ही पहिल्यांदा घाई केली आणि ओलसर वाळूत कीस घातला, तो वाळूलाच चिकटून बसला आणि थोड्या वेळाने तांबूस दिसायला लागला. गंजला.

म्हणून क्रम महत्त्वाचा. चुंबक आधी, पाणी नंतर. सगळं कोरडं आहे तोवर लोखंड काढून घ्यायचं. चुंबक तसाच मिश्रणात बुडवायचा नाही, म्हणजे बुडवाल तर बुडवा, पण मग त्यावरून कीस सोडवताना अख्खी संध्याकाळ जाईल. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीसकट मिश्रणावरून फिरवा, कीस पिशवीला बाहेरून चिकटेल, मग दुसऱ्या वाटीवर नेऊन आतला चुंबक मागे ओढून घ्या. कीस आपला आपण वाटीत पडतो. ही एक युक्ती बघितल्यावर दोन्ही मुलींनी तो भाग पाच वेळा केला, गरज नसताना. पण खरंतर दोन-तीन फेऱ्या लागतातच, कारण पहिल्या फेरीत किसासोबत थोडी वाळू आणि मीठही अडकून येतं, ते सगळं पुन्हा पसरून पुन्हा चुंबक फिरवायचा.

कीस मिळालाच नाही तर अजून एक गंमत. चुंबक पिशवीत घालून नदीकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या कोरड्या मातीत फिरवा, काळे बारीक कण चिकटतात. रत्नागिरीकडचे लोक तर किनाऱ्यावरच बघू शकतात, तिथल्या काळ्या वाळूच्या पट्ट्यांत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं असतात, मॅग्नेटाइट साध्या चुंबकालाही झटकन चिकटतं.

आता उरली वाळू आणि मीठ, म्हणजे भाचीचा चुकलेला प्रश्न. फरक काय, मीठ पाण्यात विरघळतं, वाळू नाही. मग पाणी घालायचं, पण किती? इथे सगळे चुकतात, ग्लासभर ओततात. साध्या तापमानाला १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, म्हणजे आपल्या १० ग्रॅमला २८ मिली पण पुरेसं आहे, थोडं जास्त धरून ४० मिली घ्या. जेवढं पाणी आत्ता ओताल तेवढं नंतर उडवत बसावं लागणार आहे, गॅस तुमचाच जळणार. पाणी गरम करून फार फायदा नाही, मिठाचं विरघळणं तापमानाने फारसं वाढत नाही, जरा लवकर विरघळतं इतकंच. ढवळा, दोन मिनिटं ठेवा, वाळू तळाशी बसली की वरचं पाणी आधी फिल्टरमध्ये ओता आणि वाळू शेवटी. याला निवळणं म्हणतात, आणि वाळू आधी ओतली तर फिल्टर भरून बसतो आणि थेंब थेंब पडत राहतं.

फिल्टर पेपरची घडी: गोल कागद अर्धा, परत अर्धा, मग एका बाजूला तीन पदर आणि दुसऱ्या बाजूला एक असा उघडायचा, की शंकू होतो. नरसाळ्यात ठेवून पाण्याचे दोन थेंब टाकले की तो भिंतीला चिकटतो, मग मधून हवा जात नाही. पाणी कागदाच्या कडेपर्यंत कधीही भरायचं नाही, कडेवरून गेलं तर गाळणंच झालं नाही. नरसाळ्याची दांडी खालच्या भांड्याच्या भिंतीला टेकवा, पाणी न उडता सलग धारेने उतरतं. कॉफी फिल्टर नसेल तर घट्ट विणीचं सुती कापड चार पदरी, वाळूसाठी पुरतं, मातीसाठी नाही.

वाळू फिल्टरवर राहिली म्हणजे काम संपलं असं नाही. ती ओली आहे ना, आणि ते ओलं म्हणजे मीठपाणी. तशीच वाळवली तर वाळूवर मीठ बसणार. म्हणून वरून थोडं साधं पाणी घालून धुवायची, आणि एकदम २० मिली ओतण्यापेक्षा १०-१० मिली दोनदा घातलं तर जास्त मीठ निघतं, हे कपडे खळबळण्यासारखंच आहे. ते धुतलेलं पाणी पण खालच्याच भांड्यात जमा.

आता बाष्पीभवन (हो, आत्ता!). उन्हाळा असेल तर स्टीलच्या पसरट ताटलीत ओतून गच्चीत ठेवा, वरून पातळ कापड, संध्याकाळपर्यंत कडेला पांढरी रेघ दिसायला लागते. हळू वाळलं तर चौकोनी दाणे मिळतात, भिंगातून बघा, छोटे ठोकळे असतात. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, चार दिवसांनीही चिखलच राहतो. गॅसवर करायचं तर मंद आचेवर, आणि शेवटी शेवटी पाणी कमी झालं की मीठ तडतडून बाहेर उडतं, फार जोरात उडतं, डोळ्यात जाऊ शकतं. त्यामुळे थोडं पाणी उरलेलं असतानाच गॅस बंद करायचा आणि बाकीचं आपोआप वाळू द्यायचं. मोठं माणूस शेजारी पाहिजेच. शाळेत चष्मा लावायला सांगतात तो याचसाठी. आणि डब्यातल्या मिठाचं पाणी जरा दुधट दिसलं तर घाबरू नका, मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेल्या पदार्थामुळे ते होतं.

मिठागरात हेच होतं पण एक पायरी जास्त हुशारीची असते. मुंबईत ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने मुलुंड-भांडुपच्या बाजूने जाताना मिठाचे वाफे दिसतात, उरण-पेणकडेही बघितले असतील. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात पण ते सगळे खायचं मीठ नसतात. पाणी आटत जातं तसं आधी जिप्सम खाली बसतं, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. म्हणून मीठ बसलं की उरलेलं कडू पाणी काढून टाकतात. अगदी कोरडं होईपर्यंत आटवलं असतं तर सगळा कडूपणा मिठात आला असता. आणि बाष्पीभवन आणि स्फटिकीकरण यात फरक काय हे जे विचारतात ना, ते हेच, एकात सगळं तळाशी गोळा होतं, दुसऱ्यात पाहिजे ते बाहेर काढून नको ते पाण्यात सोडून देता येतं.

स्फटिकीकरण बघायला मीठ बेकार, तुरटी घ्या. २० अंशाला १०० मिली पाण्यात जेमतेम १४ ग्रॅम तुरटी विरघळते पण ५० अंशाला ३६ च्या आसपास. म्हणजे गरम पाण्यात भरपूर विरघळवून, गाळून, हळूहळू गार केलं की जास्तीची तुरटी स्वच्छ स्फटिक होऊन बाहेर येते. दोऱ्याला छोटा खडा बांधून त्यात सोडा आणि भांडं आठवडाभर हलवू नका. हलवू नका म्हणजे खरंच हलवू नका, रोज उचलून बघितलं तर एक मोठा खडा मिळण्याऐवजी साखरेसारखा चुरा मिळतो, अनुभवाचे बोल. तुरटीचा दुसरा उपयोग माहितीच आहे, पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवली की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. पण पाणी निवळलं म्हणजे पिण्यालायक झालं असं नाही, उकळायचंच.

पाणी पण परत पाहिजे असेल तर ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफ करायची आणि ती गार करून गोळा करायची. मी शाळेत असताना त्याची आकृती निदान वीस वेळा काढली, कंडेन्सर (वाफ गार करणारी नळी), थर्मामीटर सगळं स्केलने, आणि प्रत्यक्ष उपकरण एकदाही बघितलं नाही. घरी असं करा: मोठ्या पातेल्यात दोन कप पाण्यात चमचाभर मीठ (हे नवीन घ्या, मघाचं किसाच्या संगतीतलं नको), मधोमध एक जड वाटी जी तरंगणार नाही, पातेल्यावर झाकण उलटं, म्हणजे मधला खोलगट भाग खाली, आणि झाकणावर बर्फ. मंद आच. वाफ गार झाकणाला लागून पाणी होते, घरंगळत मध्ये येते आणि वाटीत पडते. पंधरा-वीस मिनिटांनी गॅस बंद, गार होऊ द्या, वाटीतलं पाणी चाखा, अजिबात खारट नाही. भाची म्हणाली कसलीच चव नाही, बरोबर आहे, नसतेच. खऱ्या कंडेन्सरमध्ये गार पाणी खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर असतं, म्हणजे नळी सगळी भरलेली राहते, आकृतीत हे उलटं काढलं की मार्क जातो.

गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवतात, पहिल्यांदा निघतो तो हुर्राक, त्याच्या पुढची फेणी, हे पण ऊर्ध्वपातनच (काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय). अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, पाणी १०० ला, म्हणून वाफेत अल्कोहोल जास्त येतं. पण जास्त येतं, फक्त तेच येतं असं नाही, म्हणून परत परत काढावं लागतं आणि कितीही वेळा केलं तरी नुसत्या ऊर्ध्वपातनाने ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. उकळण्याच्या अंशांत फरक कमी असेल तर अंशात्मक ऊर्ध्वपातन, म्हणजे एकाच उंच नळीत वाफ परत परत गार होते आणि परत परत उकळते. हवेतला नायट्रोजन उणे १९६ ला उकळतो आणि ऑक्सिजन उणे १८३ ला, त्या १३ अंशांच्या जोरावर दवाखान्यांना ऑक्सिजन मिळतो.

तेल-पाणी सगळ्यात सोपं. शाळेत खाली तोटी असलेलं नरसाळं वापरतात, घरी झिपची पिशवी. पाणी आणि गोडेतेल पिशवीत घालून हलवा, पिशवी एक कोपरा खाली येईल अशी धरा, दोन थर नीट वेगळे होईपर्यंत थांबा, मग कात्रीने कोपरा जरासा कापा आणि पाणी वाटीत जाऊ द्या, तेल कोपऱ्यात पोचलं की चिमटीत धरून बंद. खाली दुसरी वाटी तयार ठेवा. आम्ही नव्हती ठेवली.

संप्लवनासाठी, म्हणजे स्थायूची न वितळता थेट वाफ होते त्यासाठी, कापूर. चार पदार्थांचं मिश्रण परीक्षेत आवडतं असतं, म्हणजे लोखंड, कापूर, मीठ, वाळू, आणि तिथे क्रम असा लिहायचा: चुंबक, संप्लवन, मग पाणी-गाळणं-बाष्पीभवन. शाळेत चिनी मातीच्या बशीवर उलटं नरसाळं ठेवून, त्याच्या दांडीत कापसाचा बोळा घालून खालून तापवतात. घरी ज्योतीवर करू नका, कापूर पेट घेतो, त्यासाठीच तर तो आरतीला असतो. स्टीलच्या वाटीत कापराचा चुरा, वर बशी, बशीत बर्फ, आणि ती वाटी उकळून गॅस बंद केलेल्या पाण्यात ठेवायची, आसपास दिवा, उदबत्ती काही नको, खिडकी उघडी. काही वेळाने बशीच्या खालच्या बाजूला पांढरे कण जमतात. मिश्रणातला सगळा कापूर असा निघत नाही, बघायला पुरतो. डांबरगोळ्या यासाठी वापरू नका, त्याची वाफ चांगली नाही. पुस्तकात दुसरं उदाहरण नवसागराचं असतं, कल्हईवाला तापल्या भांड्यात पांढरी पूड टाकतो आणि भस्सकन धूर निघतो ना, तोच. बारीक गंमत अशी की नवसागर तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि गार जागी परत एकत्र येऊन नवसागर बनतो, म्हणजे कापरासारखं निव्वळ उडणं नाही. परीक्षेत संप्लवनच लिहा.

अपकेंद्री पद्धतीचं उदाहरण म्हणून मुलं ताक घुसळून लोणी लिहितात. अर्धं खरं. डेअरीत दुधातून साय वेगळी काढायचं यंत्र गरागरा फिरवून चालतं, जड दूध बाहेर फेकलं जातं, हलकी साय मध्ये राहते, ते नक्की अपकेंद्री. पण रवीने घुसळताना मुख्य काम वेगळं होतं, स्निग्धाच्या बारीक थेंबांचं आवरण फुटतं आणि ते एकमेकांना चिकटून गोळा होतो. म्हणून उन्हाळ्यात आजी त्यात गार पाणी घालते, स्निग्ध मऊ राहिलं तर गोळा होत नाही. उत्तरात वॉशिंग मशीनचा ड्रायर लिहा, त्यावर वाद नाही.

शेवटी माझं आवडतं, रंजकद्रव्य पृथक्करण, म्हणजे स्केचपेन. काळा स्केचपेन खरंतर काळा नसतो. फिल्टर पेपरची पट्टी, खालून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ (पेनाने मारली तर रेघच पळायला लागेल), रेघेवर बारीक ठिपका, वाळू द्या, त्याच जागी परत ठिपका, असं तीनदा. ग्लासात एक सेंटिमीटर पाणी, पट्टी उभी सोडा, ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे, बुडाला तर रंग पाण्यात जातो. पाणी वर चढतं, जो रंग पाण्यासोबत जास्त रमतो तो पुढे, ज्याला कागद आवडतो तो मागे, आणि निळा-गुलाबी-पिवळा असे पट्टे दिसतात. परमनंट मार्करचा ठिपका हलणार नाही, त्याला पाण्याऐवजी स्पिरिट. पालकाची पानं स्पिरिटमध्ये कुटून त्या हिरव्या रसाचा ठिपका घेतला तर हिरव्यामागे लपलेला पिवळा दिसतो. हेच काम मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीत केलं होतं, आणि रशियनमध्ये त्स्वेत म्हणजेच रंग.

तर आमचा हिशोब. वाळू वाळवून १९ ग्रॅम भरली, कीस ५ चा ४, आणि मीठ १० घातलं होतं ते निघालं ११. मुली खूश, मीठ वाढलं! वाढत नसतं, ओलं होतं. परत उन्हात ठेवलं, दुसऱ्या दिवशी ९. उरलेलं फिल्टर पेपरात, पातेल्याच्या कडेला आणि गॅसच्या शेगडीवर, जिथे ते उडालं होतं. ते मीठ जेवणात वापरायचं नाही, फेकायचं. आणि वाळू कुंडीत टाका, बेसिनमध्ये नको, आमचा प्लंबर परवा येऊन गेला.